पांढरवण्याचं पाणी जड का

कडजाईच्या देवळाशेजारी जो नळ आहे ना, त्याखाली एकदा हात धुऊन बघा. साबण कितीही चोळा, फेस धरत नाही, नुसता चिकट थर हाताला लागतो. हे पांढरवणं, खोऱ्यातलं सगळ्यात खालचं गाव. इथल्या हंड्यांना आतून पांढरी पुटं चढलेली दिसतील. चहाच्या पातेल्याला तर खवलेच धरतात, आणि डाळ म्हणाल तर चिमूटभर सोडा पडल्याशिवाय शिजायचं नाव घेत नाही. इथून ओढ्याच्या कडेनं वर चालू लागलं की निगडोळी लागते. तिथलं पाणी थोडं हलकं. त्याच्या वर खडकुंबे, तिथं साबणाला बऱ्यापैकी फेस येतो. आणि अगदी वर, डोंगराच्या कुशीत जांभूळदरा. तिथल्या पाण्यात हरभऱ्याची डाळ टाकावी, बोलत बसावं, आणि उठून बघावं तर डाळ लोण्यासारखी. खोरं एक, ओढा एक, आणि पाण्याची तऱ्हा गावागावाला निराळी. मध्यंतरी तालुक्याहून माणसं आली होती. प्रत्येक गावच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत होती, रंग बघत होती. खालच्या अंगाला दगडात चुना आहे, असं सांगून गेली. असेलही. खोऱ्यातली जुनी माणसंही चुनाच म्हणतात. तो तिथं आला कसा, हे मात्र ती आपल्या पद्धतीनं सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा सगळ्या खोऱ्याचं पाणी सारखंच होतं म्हणे. पांढरवण्यात चुन्याच्या भट्ट्या होत्या. त्यातली एक कुशाबाची. ह्या कुशाबाची बायको तुळजा. आईबाप लहानपणीच गेलेले, पाठीवर एक बहीण, राही. तुळजानंच तिला वाढवलं. स्वतःच्या कडेवरून उतरवली ती थेट चुलीपुढं बसवली, असं सांगतात. डाळ कशी निवडायची, आधण कधी आलं म्हणायचं, वरचा फेस किती काढायचा, गूळ केव्हा घालायचा आणि पाट्यावर पुरण कुठवर वाटायचं, सगळं तुळजानं तिला हाताला धरून शिकवलं. तुळजाचं पुरण खोऱ्यात नावाजलेलं. चैत्रात कडजाईची जत्रा भरते, तेव्हा देवीच्या नैवेद्याचं पुरण शिजवण्याचा मान एकाच बाईचा असतो. तो मान लग्न होऊन आल्यापासून तुळजाचा होता. देवळाच्या आवारातच चूल मांडायची, गावच्या विहिरीचं पाणी घ्यायचं आणि चारी गावांच्या देखत पुरण शिजवायचं. ती चुलीपुढं बसली की बायका तिच्या भोवती कोंडाळं करत. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

राही वयात आली तेव्हा तुळजानंच तिचं लग्न जमवलं आणि तिला वर जांभूळदऱ्यात दिली.

एका साली जत्रेच्या तोंडावर तुळजाचा सासरा वारला. घराला सुतक. सुतकातल्या बाईनं नैवेद्य कसा शिजवायचा? रायाजी गुरव दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तुळजाच म्हणाली, “माझ्या राहीला बोलवा. तिच्या घराला सुतक नाही आणि तिचा हात माझाच हात आहे.”

राही आली. तिनं नैवेद्य केला. तुळजा घरातच होती. संध्याकाळी शेजारच्या बाईनं उंबऱ्याबाहेरून प्रसादाचं पान सरकवलं. तुळजानं पुरणाची पोळी मोडली, घास तोंडात घातला, आणि ती तशीच थांबली. पुरण जिभेवर ठेवलं आणि विरलं. कण नाही, गाठ नाही. गोडी अशी की गूळ कुठं संपला आणि डाळ कुठं सुरू झाली ते कळू नये. पहिल्यांदा तिला वाटलं, माझी पोर! ऊर भरून आला. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून शेजारीण म्हणाली, “काय सांगू तुळजाबाई, लोक बोटं चाटत होते. असं पुरण आजवर झालं नाही म्हणत होते.”

“आजवर?” तुळजानं विचारलं.

“आजवर,” ती बाई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं, तशी पदर सावरून निघून गेली.

तो एक शब्द तुळजाच्या पोटात जाऊन बसला. पुढल्या पंगती, सण, बारशी, जिथं म्हणून पुरण झालं तिथं तिला तो ऐकू यायचा. ती घरी उगाचच पुरण करू लागली. सण नाही, पाहुणा नाही, आणि कुशाबाच्या ताटात पुरणपोळी.

“कसं झालंय?”

“झ्याक.”

“राहीच्यापरीस?”

कुशाबा साधा माणूस, खोटं बोलायला त्याला वेळ लागायचा. तो घास चावत राहायचा, चावतच राहायचा. तुळजा ताट उचलून न्यायची.

वर्ष फिरलं. जत्रेआधी चारी गावची पंच मंडळी देवळात बसली. घरचं सुतक कधीच फिटलं होतं. तुळजा नवं लुगडं नेसून पायरीशी उभी होती. रायाजी गुरव तिच्याकडं न बघता म्हणाला, “तुळजाबाई, तुझ्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. पण औंदाही राहीच करू दे. समद्यांची तशी इच्छा हाय. देवीला त्या चवीची सवय झाली, असं समज.”

तिनं मान हलवली आणि ती घरी आली. रडली नाही. रडली असती तरी बरं झालं असतं, असं सांगणारी माणसं म्हणतात.

बातमी कळताच राही धावत खाली आली. येताना तिनं जंगलातला मध आणला होता, द्रोणात बांधून. “आक्का, मला नको तो मान. तूच कर. मी पंचांना सांगते.”

“तू देणार व्हय मला? आणि मी घेणार?”

“तसं न्हाई गं…”

“माझ्याच चुलीपुढं शिकलीस, राहे. आता मलाच वाढायला निघालीस.”

राहीनं मधाचा द्रोण चुलीपाशी ठेवला आणि ती निघून गेली. तो मध तुळजानं कुणाला खाऊ दिला नाही. मुंग्या लागल्या, तशा लागू दिल्या.

अशात पाणवठ्यावर कुणीतरी बोललं, “अगं, हात कसला घेऊन बसलात? ती घागरभर पाणी संगती आणती वरनं. जांभूळदऱ्याच्या झऱ्याचं पाणीच तसं आहे, म्हणून डाळ विरते.” बोलणारीनं सहज म्हटलं असेल. पण तुळजानं ते घट्ट धरलं. हाताचं असतं तर तिचं काय राहिलं असतं? तो हात तिनंच घडवलेला, आणि तो तिच्याही पुढं गेलेला. पाण्याचं आहे म्हटलं की सगळं सोपं झालं. राही काही मोठी नाही, तिला पाणी चांगलं मिळालं, एवढंच. आणि पाणी बिघडवता येतं. भट्टी घरचीच होती.

जत्रा दोन-चार दिवसांवर आली. कुशाबा गाडी घेऊन बाहेरगावी गेला होता. झुंजूमुंजू झालं तशी तुळजा उठली. कुणाला पत्ता लागू नये म्हणून तिनं कोपऱ्यात टाकून दिलेली एक जुनी वेताची पाटी घेतली आणि ती भाजलेल्या चुन्यानं भरली. चुना वेताला खातो, त्या पाटीचं बूड केव्हाच झिजलं होतं. तिच्या ते ध्यानात आलं नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती आधी कडजाईच्या पुढं उभी राहिली. देवळात कुणी नव्हतं. ती म्हणाली, “आई, आजवर तुझ्याजवळ मी काही मागितलं नाही. आज एक मागते. ज्या पाण्याला हा चुना लागेल, त्या पाण्यात डाळ शिजू नये. कधी शिजू नये.”

देवीच्या उजव्या अंगाचं फूल पडलं, म्हणे. तुळजानं ते पदरात बांधलं आणि वाट धरली.

तेव्हा वरच्या गावांना जायला वेगळा रस्ता नव्हता. वाट ओढ्यातूनच होती. कधी ह्या काठानं, कधी त्या काठानं, मध्ये पाण्यातून, आणि गावं आली की विहिरींच्या कडेनं. निगडोळीच्या विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या.

“तुळजाबाई, एवढ्या सकाळी कुठं?”

“बहिणीकडं.”

“काय नेतीस?”

“चुना. तिचं घर पांढरं करायला. जत्रा आली न्हवं.”

“बघा गं,” एक म्हातारी म्हणाली, “मान गेला तरी बहिणीवरची माया बघा.”

तुळजाला ते चटकन लागलं. ती पाय उचलून चालू लागली. ऊन चढत होतं. चैत्राचं ऊन ते. घाम मानेवरून पाठीवर उतरत होता, आणि त्यात चुन्याची भुकटी मिसळून पाठ जळायला लागली होती. पण डोक्यावरचं ओझं मात्र हलकं होत चाललं होतं. खडकुंबे ओलांडलं तेव्हा तर पाटी आहे की नाही असं वाटावं. तिला वाटलं, आईच माझा भार उचलतेय. ह्या वाटण्यानं तिला आणखी बळ आलं. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी ती जांभूळदऱ्याच्या झऱ्यापाशी पोचली. कातळातून पाण्याची धार पडत होती, खाली कुंड. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं पाटी उतरवली, कुंडावर धरली आणि पालथी केली.

काही पडलं नाही. एक खडासुद्धा नाही. तळाला भोक होतं, आणि भोकातून खालचं पाणी दिसत होतं.

तिनं वळून पाहिलं. डोंगरावरून सगळं खोरं उघडं दिसतं, आजही दिसतं. ओढ्याच्या वाटेनं पांढरी रेघ गेली होती. वर तिच्या पायाशी पुसट, नसल्यासारखी. खडकुंब्याशी बारीक. निगडोळीला ठळक. आणि खाली पांढरवण्याच्या विहिरीपाशी, तिच्याच घराच्या अंगाला, कुणी रांगोळी सांडावी तशी जाड.

“आक्का!”

राही झाडीतून खाली धावत येत होती. तिनं बहिणीची पाठ पाहिली आणि किंचाळलीच. तुळजाला हाताला धरून तिनं धारेखाली उभं केलं, किती तरी वेळ उभं केलं. पाठीवर फोड आले होते. पाठीवरचा चुना आणि रिकामी पाटी बघून राहीनं आपलाच अर्थ लावला होता; ती स्वतः भिजत होती, रडत होती आणि बोलत होती. “एवढ्या उन्हातनं माझं घर पांढरं करायला चुना घेऊन आलीस? अशी कशी गं तू? आणि मी म्हटलं, आक्का माझ्यावर रुसली.”

तुळजाचं तोंड उघडलं नाही. राहीनं तिला घरात निजवलं, पाठीला लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसवून खाली पोचती केली.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळाच्या आवारात चूल पेटली. लोकांच्या तोंडचं ते पाण्याचं बोलणं राहीच्याही कानावर गेलं होतं. त्या साली तिनं वरची घागर मुद्दाम आणली नव्हती. तिनं पांढरवण्याच्या विहिरीचं पाणी घेतलं, आधण आल्यावर डाळ सोडली आणि वाट पाहू लागली. तुळजा खांबाला टेकून उभी होती. डाळ उकळत राहिली. सूर्य वर आला. राहीनं एक दाणा बोटात धरून दाबला. कच्चा. जाळ वाढवला. पुन्हा दाबला. पाणी आटलं, नवं घातलं. डाळ खड्यासारखी तशीच.

तुळजाला काय कळायचं ते कळलं. आणि, खोटं कशाला सांगायचं, तिला क्षणभर फार बरं वाटलं. कोंडाळ्यातल्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. राहीच्या कपाळावर घाम आला होता. हेच तर तिला बघायचं होतं.

मग कुजबुज सुरू झाली. नैवेद्य झाल्याशिवाय पालखी उठत नाही, आणि नैवेद्याची डाळ आजवर कधी अडली नव्हती. कुणी म्हणालं, बाईनं काहीतरी विटाळ केला. कुणी म्हणालं, हिला देवी नाकारतेय. खडकुंब्याचा एक पंच उठून रायाजी गुरवाच्या कानाला लागला. राहीच्या सासूनं तर सुनेपासून चार पावलं लांब सरकून घेतलं. राहीनं मान वर केली. गर्दीत तिचे डोळे एकच माणूस शोधत होते.

“आक्का, माझं काय चुकलं गं?”

तुळजा वळली आणि देवळात शिरली. मागणं मागे घ्यायचं, असं ठरवूनच ती आत गेली होती. देवीपुढं हात जोडले, डोळे मिटले. आई, असं म्हटलं. आणि पुढचे शब्द ओठांवर आले ते काय होते ठाऊक आहे? *तिच्या झऱ्याचंही असंच कर.*

ती घाबरून मागं सरली. तोंडावर हात दाबला. बाहेर बहीण एकटी पडलेली, पाठीवरचे फोड त्याच बहिणीच्या लोण्यानं निवालेले, आणि तोंडून आलं ते हे! पुन्हा तोंड उघडलं तर हेच येईल आणि देवी तेही देऊन टाकेल, याची तिला खात्री पटली. म्हणून तिनं काहीच मागितलं नाही. हात सोडले आणि ती बाहेर आली. पांढरवण्याचं पाणी जड राहिलं ते त्यामुळं, असं सांगतात. ते मागणं मागे घ्यायला दुसरं कुणी नव्हतंच.

बाहेर येऊन ती चुलीपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “हिचं काही चुकलं न्हाई. हात चांगला हाय. पाणी बिघडलंय. चुना मी नेत हुते. हिच्या झऱ्यात टाकायला नेत हुते. वाटेत सांडला.”

कुशाबा गर्दीत होता, त्यानं मान खाली घातली. राही तिच्याकडं बघत राहिली. ती काय बोलली, याबद्दल प्रत्येक गावात वेगळं सांगतात. पांढरवण्यात म्हणतात, ती काहीच बोलली नाही. तिनं चुलीशेजारचा रिकामा हंडा उचलला आणि आक्काच्या पुढं धरला.

तुळजानं तो घेतला आणि ती पुन्हा त्याच वाटेनं वर निघाली. अनवाणी. ज्या विहिरींवर परवा तिचं कौतुक झालं होतं, तिथल्या बायका आता घागरी बाजूला ओढून घेत होत्या. वर जांभूळदऱ्यात खालची हकीकत अजून पोचली नव्हती. तिथल्या बायकांना एवढंच दिसलं की राहीची थोरली बहीण एकटी हंडा घेऊन आली आहे आणि दमली आहे. त्यांनी आपल्या घागरी धारेखालून काढल्या आणि आधी तिचा हंडा भरून दिला. एकीनं तिच्या डोक्यावर चुंबळ नीट केली. तुळजा तिथं पहिल्यांदा रडली म्हणतात.

दिवस मावळायच्या आत ती खाली पोचली. त्या पाण्यात राहीनं नवी डाळ टाकली. तुळजा चुलीपुढं बसली आणि जाळ घालू लागली. डाळ शिजली, पुरण झालं, नैवेद्य दाखवला गेला, पालखी उठली. रात्री उशिरा पंगती बसल्या. रायाजी गुरवानं पहिलं पान तुळजापुढं वाढायला लावलं. तिनं घास घेतला. सगळे बघत होते. ती चावत राहिली, आणि मग तिनं पानावरून डोळे वर केले नाहीत.

मान राहीचाच राहिला. तुळजा दरसाल वरून पाणी आणत राहिली, अगदी हात थरथरू लागले तोवर. तिचा मत्सर गेला, असं मात्र कुणी सांगत नाही. दोघी बहिणी म्हाताऱ्या झाल्यावर राही एकदा म्हणाली होती, “आक्का, एकदा माझ्या घरी ये. माझ्या चुलीवर, माझ्या पाण्यात तू पुरण कर. एकदा बघू तर.” तुळजा हसली होती. ती झऱ्यापर्यंत दरवर्षी गेली, हंडा भरून घेतला, राहीच्या घरचं ताकही प्यायली, पण तिथं चूल म्हणून कधी पेटवली नाही. आपला हात मोठा की तिचा, ह्याचं उत्तर तिथं होतं. ते तिला नको होतं. पांढरवण्यात बसून, जड पाण्यावर बोट ठेवता येत होतं, तेवढ्यावर तिनं उरलेलं आयुष्य काढलं.

आजही जत्रेच्या दिवशी, पांढरवण्याच्या नळाला धो धो पाणी असलं तरी नैवेद्याच्या पुरणाला ते चालत नाही. गावच्या लेकीसुना वर जातात. हल्ली जीपनं जातात, पण झऱ्याच्या अलीकडं उतरून चप्पल काढतात. जांभूळदऱ्याच्या बायका आपल्या घागरी बाजूला करून आधी त्यांचे हंडे भरतात. खाली पुरण शिजवते ती वरची बाई, आणि जाळ घालते ती खालची. आणखी एक रीत आहे, ती पाहुण्यांना आधीच सांगावी लागते. पंगतीत पुरणाला चांगलं म्हणायचं नाही. वाईट तर नाहीच, पण चांगलंही नाही. गेल्या साली एक पाहुणे पहिल्या घासाला मोठ्यानं वाहवा म्हणाले, आणि सगळ्या पंगतीनं हात थांबवला. वाढणारी वरची बाई आणि चुलीपुढची खालची बाई, दोघी एकमेकींकडं न बघता तशाच उभ्या राहिल्या. मग गुरवानं ‘कडजाईच्या नावानं चांगभलं’ केलं, तेव्हा जेवण पुढं सुरू झालं. तेव्हा तुम्हीही बसाल तेव्हा मुकाट जेवा. आवडलं तर पान नुसतं पुढं सरकवा. त्या वाढतील.